भवानीचं गिऱ्हाईक

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ७.१५
जास्मिनला नोकरी लागली. पुण्याला, डोळ्यांच्या दवाखान्यात, फ्रंट डेस्कवर. एक डिसेंबरला हजर व्हायचं आहे. पत्रात लिहिलंय की पोशाख नीटनेटका हवा, हलका मेकअप चालेल. म्हणजे खरेदी आली. चार कुर्ते, दोन पँट, सँडल, पर्स, कानातलं, लिपस्टिक आणि इतर रंगरंगोटी.

तिची आई मरिया म्हणाली, मंगळवारी मी आणि जास्मिन कापड बाजारात जातो आणि दोन तासांत उरकून येतो. दोन तासांत! कापड बाजारात दोन तासांत माणूस फक्त लुटला जाऊ शकतो. दोघी बिचाऱ्या भोळ्या. मी शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहाय्यक आहे. वस्तू खरी की खोटी हे मला कळतं. शिवाय पोरगी पहिल्यांदाच घर सोडून चालली आहे. बापाने स्वतः निवडलेला एक तरी कपडा तिच्या अंगावर असावा.

ठरलं. ही खरेदी मी करणार.

त्याच दिवशी, ७.४०
पद्धत लिहून ठेवतो. दुकानदाराचा सगळ्यात कच्चा क्षण म्हणजे भवानी. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक तो रिकाम्या हाताने जाऊ देत नाही, दिवस वाईट जातो म्हणतात. तेव्हा शटर वर जाताना आपण समोर उभं असावं. इब्राहिमभाईच्या दुकानात मी अकरा वर्षं हेच करतोय. तो हजार सांगतो, मी पाचशेला आणतो. दर वेळी बरोब्बर अर्ध्यावर. त्याचा चेहरा उतरतो, पण भवानी आहे म्हणून नोट कपाळाला लावतो आणि गल्ल्यात टाकतो. माझ्यासारखं गिऱ्हाईक नगरमध्ये दुसरं नसेल, असं तो स्वतःच म्हणतो.

२ नोव्हेंबर, रविवार
चर्चमध्ये लोकांचे कपडे बघितले. नॅथन मास्तरांचा शर्ट आणि माझा शर्ट एकाच ताग्यातला. त्यांनी काय भाव दिला विचारलं. प्रार्थना चालू होती म्हणून त्यांनी बोटांनी सांगितलं. माझ्याएवढाच भाव निघाला. मास्तर थापा मारतात.

घरी आल्यावर जाहीर केलं की मंगळवारी मीही येतोय, किरकोळ रजा टाकली आहे. जास्मिन म्हणाली, पप्पा, तुम्ही कशाला उगाच. मग तिने मरियाकडे बघितलं. मरियाने तिच्याकडे बघितलं. दोघींनी मिळून भाजीकडे बघितलं.

संशयास्पद.

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ६.१०
पिशवी भरली. लोहचुंबक, लिटमस कागद, भिंग, टेप, काडेपेटी, ओला रुमाल. धागा जाळला की कापडाची जात कळते. सुती जळालं की कागदाचा वास येतो, पॉलिस्टरचा गोळा होतो. रंग जातो का ते ओल्या रुमालाने. बाकी चुंबक बघून घेईल.

६.४०
मरिया गॅलरीत हळू आवाजात फोनवर बोलत होती. मला दोनच शब्द नीट ऐकू आले. साडेनऊ आणि अर्धं. कोणाचा फोन विचारलं. म्हणाली, इब्राहिमभाईंचा, फॉल-पिकोच्या साड्या अर्ध्याच झाल्यात म्हणून सांगत होते. ती त्यांच्या दुकानाच्या साड्यांना फॉल लावून देते हे खरं आहे. पण सकाळी पावणेसातला साड्यांची घाई कोणाला असते?

दुपारी २.००
तपशीलवार लिहितो, कारण पुढे कोणी विपर्यास करेल.

९.४० ला तिघं पोचलो. बाजारातली बाकी दुकानं उघडलेली, इब्राहिमभाईचं शटर अर्ध्यावर. आपलं नशीब. मी खाकरलो तसं त्याने शटर वर घेतलं आणि म्हणाला, या सर, भवानी तुमच्याच हातची हाय आज. (तो मला सर म्हणतो. शाळेत फारसं कोणी म्हणत नाही.) कुर्त्याचे बाराशे सांगितले. पंचवीस मिनिटांत सहाशेवर आणला. जास्मिन सगळा वेळ मोबाईल बघत होती. बापाचं कसब जवळून बघायची सवय झालेली, दुसरं काय.

मग परीक्षा. आतल्या शिवणीतला एक धागा ओढला आणि काडी लावली. गोळा झाला. मी मोठ्याने जाहीर केलं की हे शुद्ध सुती नाही. एव्हाना दुकानात सात-आठ बायका आल्या होत्या. इब्राहिमभाई शांतपणे म्हणाला, सर, लेबलवर पॉलिकॉटन लिव्हलंय की. लेबल मी बघितलं नव्हतं. माझा लेबलवर विश्वासच नाही. या चर्चेत काडी हातातच राहिली आणि कुर्त्याच्या घेराला रुपयाएवढं भोक पडलं. तो कुर्ता घ्यावा लागला.

शेजारच्या कटलरीच्या काउंटरवर इब्राहिमभाईची सून सुमैरा बसते. बांगड्या, टिकल्या, लिपस्टिक, क्लिपा. निळ्या लिटमस कागदावर लिपस्टिक घासली. कागद लाल झाला. म्हटलं, बघा, ॲसिड! ती म्हणाली, अंकल, लिपस्टिकच लाल आहे. मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. मग कानातल्यांवर चुंबक धरलं. कानातली हलली नाहीत, पण खालच्या डब्यातल्या सगळ्या हेअरपिना उडी मारून चुंबकाला चिकटल्या. त्या सोडवायला सुमैराला वेळ लागला. बायका हसत होत्या. सुमैरालाच हसत असणार.

वळून बघतो तर जास्मिन दुकानात नाही. समोर रसवंतीपाशी पाठ करून उभी. केडगावला घरी पोचेपर्यंत रिक्षात एक शब्द बोलली नाही. बापाची धडपड बघून तिचं मन भरून आलं असावं.

५ नोव्हेंबर, बुधवार
जास्मिन म्हणाली, पप्पा, मला काहीच नको, जुन्या कपड्यांवर भागवते. आणि तुमच्याबरोबर दुकानात मी परत येणार नाही.

पहिलं वाक्य ऐकून अभिमान वाटला. पोरगी काटकसरी निघाली. दुसरं वाक्य तिने आवाज न चढवता सांगितलं. त्याचा अजून विचार केलेला नाही.

मरियाने भोकाचा कुर्ता घेतला आणि भोकावर फूल भरायला बसली. वांग्याच्या भाजीत मीठ नव्हतं. मी मागितलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
शांतपणे कारण शोधलं. कापड बाजार मला ओळखतो. मी दिसलो की भाव चढतात. म्हणजे जिथे मला कोणी ओळखत नाही आणि जिथे फसवायची कोणाची हिंमत होणार नाही, अशा ठिकाणी जायला हवं.

दुपारी चहा पिताना एकदम सुचलं. शिंगणापूर! घरांना दारं नाहीत, चोरी केली की देव बघतो अशी लोकांची श्रद्धा. आपण चर्चवाले, पण व्यवहाराला काय हरकत आहे? तिथला दुकानदार खोटा भाव सांगणारच नाही. हे आजवर कोणाला सुचलं कसं नाही?

१२ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळी
एसटीने घोडेगाव फाटा, तिथून पुढे जीपने. देवळाकडे जायच्या रस्त्याला दुकानंच दुकानं. तेल, रुईच्या माळा, खेळणी, पर्सा. पर्सवाल्या बाईंचं नाव मालनबाई. तपकिरी पर्स आवडली. तीनशे म्हणाल्या. मी दीडशे म्हणालो. म्हणाल्या, यकच भाव हाय बाबा, घ्यायची तर घ्या न्हाईतर ठिवा. म्हटलं, निदान भवानीचं तरी बघा. म्हणाल्या, माजी भवानी पहाटं चारलाच झाली.

निघून गेलो. बोलावतील म्हणून सावकाश चाललो. बोलावलं नाही. परत आलो. पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा आलो तेव्हा त्यांनी शेजारणीला सांगितलं की याला कुनी पानी द्या, उनाचं लई फिरतोय.

मधल्या वेळात गावाची परीक्षा घ्यावी म्हणून माझी पिशवी बाकावर मुद्दाम ठेवली आणि दुरून पाऊण तास लक्ष ठेवलं. कोणी हात लावला नाही. एका माणसाने तिच्यावर ऊन येतंय म्हणून ती सावलीत सरकवली. मी धावत गेलो, तर तो घाबरून पळाला.

शेवटी पर्स तीनशेलाच घेतली. आयुष्यात पहिल्यांदा सांगितल्या भावाने. अजून अस्वस्थ आहे. पण शिलाई बघितली, बकल चुंबकाने तपासलं, अस्तर भिंगातून पाहिलं. माल चोख.

रात्री जेवणाआधी
जास्मिनला पर्स दिली. तिने उलटसुलट करून पाहिली. म्हणाली, छान आहे पप्पा, पण हिला चेन नाही.

खरंच नाही. पर्स वरून उघडीच. बकल नुसतं शोभेचं. त्या गावात घरांना दार नाही आणि पर्सला चेन नाही. पुण्यात बसमध्ये ही पर्स घेऊन जायचं म्हणजे खिसेकापूंना आमंत्रणच. पर्स सध्या कांदे ठेवायला घेतली आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार
मोठा शोध. कपाटात जास्मिनच्या खणात तीन नवीन कुर्ते. टॅग कापलेले. मरियाला विचारलं. म्हणाली, अश्विनीने दिले, तिला घट्ट होतात. अश्विनी म्हणजे खालच्या मजल्यावरची शेजारीण. तिचा बांधा बघता तिला घट्ट होणारा कुर्ता जास्मिनला तंबू होईल. हे तर जास्मिनच्या मापाचे. कापडाला नव्या मालाचा वास. भिंगातून घड्या बघितल्या. दुकानातल्याच घड्या.

मरिया आंघोळीला गेल्यावर तिचा फोन बघितला. हे चांगलं नाही, माहीत आहे. पण सत्य महत्त्वाचं. चार तारखेला सकाळी ६.३८, इब्राहिमभाई. फोन केलेला होता, आलेला नव्हता. म्हणजे तिनेच लावला होता! मागे गेलो. गेल्या वर्षी २० डिसेंबर, सकाळी ७.०५. मी नाताळची साडी आणायला गेलो तो दिवस. जूनमध्ये माझ्या पँटपीसच्या दिवशीही.

माझीच बायको माझं बजेट शत्रूला आधी कळवते. मी किती काळजीपूर्वक कोणालाही न सांगता जातो! (मरियाला सांगून जातो. तिला नाही सांगणार तर कोणाला?)

आता रंगेहाथ पकडायचं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ९.०५
बाजारात पोचलो. इब्राहिमभाईच्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीमागे उभा आहे. ओळख पटू नये म्हणून हेल्मेट काढलेलं नाही. उभ्याउभ्या लिहितोय. टपरीवाल्याला शंका आली म्हणून एक चहा घेतला. हेल्मेटमुळे अर्धा सांडला.

९.१०
शटर पूर्ण वर. दिवे चालू. उदबत्ती लावलेली दिसते.

९.१६
एक बाई दोन पोरांना घेऊन आत गेल्या. ९.२४ ला एक आजोबा पिशवी घेऊन बाहेर आले. म्हणजे भवानी झाली! आज मी पहिला नाही. हरकत नाही, आज मी खरेदीला आलेलोच नाही.

९.२८
दुसरा चहा. इथून मरियाला फोन केला. म्हटलं, शाळेत जाता जाता इब्राहिमभाईकडे डोकावतोय, पँटपीस बघतो, पावणेदहापर्यंत पोचेन. ती म्हणाली, बरं.

९.३१
इब्राहिमभाईचा फोन वाजला. इथून मला दिसतोय. त्याने फोन घेतला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि हसला. सुमैराला काहीतरी म्हणाला. तीही हसली. मग तो स्वतः बाहेर आला आणि शटर अर्ध्यावर ओढलं. आतली बाई आपल्या दोन पोरांना खाली वाकवून बाहेर आली. त्याने तिची माफी मागितली असावी, हात जोडले होते. नवी उदबत्ती लावली. मग गल्ल्यामागे बसून तोंड पाडलं. खरंच पाडलं. मी बघितलं.

९.४५
गेलो. खाकरलो. शटर वर गेलं. या सर, म्हणाला, तुमचीच वाट बघत हुतो, भवानी तुमच्याच हातची. पँटपीस काढला. नऊशे म्हणाला.

मी पुष्कळ बोलायचं ठरवून आलो होतो. पँटपीस परत सरकवला. हेल्मेट तसंच डोक्यावर होतं. बाहेर पडलो. शाळेत गेलो नाही. प्रकृती बरी नाही असं कळवलं, आणि ते खोटं नव्हतं.

दुपारी
मरिया साडीला फॉल लावत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिने सुई थांबवली नाही.

म्हणाली, अकरा वर्षांपूर्वीचा नाताळ आठवतो का? जास्मिन अकरा वर्षांची होती. तिला लाल फ्रॉक हवा होता. तुम्ही एका दिवसात चार दुकानांत भांडलात, चौथ्याने तुम्हाला हात धरून बाहेर काढलं. फ्रॉक आलाच नाही. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. पोरगी नाताळला शाळेच्या गणवेशात चर्चला आली, आणि पप्पा जेवत नाहीत म्हणून रडली. मग मीच इब्राहिमभाईंना सांगितलं. म्हटलं, भाई, आमचे हे आले की दुप्पट सांगत जा आणि अर्ध्यावर या. खरा भाव अर्ध्याचाच. भवानीचंही करा, त्यांना बरं वाटतं.

म्हटलं, कधीच नाही? दहा रुपयेसुद्धा कमी झाले नाहीत?

म्हणाली, एकदा झाले. ते विसरून खरा भाव बोलले आणि तुम्ही त्याच्या अर्ध्यावर आणलंत. मग मी त्यांच्या सहा साड्यांना फुकट फॉल लावला.

जास्मिनला माहीत आहे का, विचारलं. आठवीपासून, म्हणाली.

२० नोव्हेंबर, गुरुवार
पूर्ण विचार केला. दोन माणसांना एका माणसासाठी अकरा वर्षं एवढा खटाटोप करावा लागतो, याचा अर्थ तो माणूस सोपा नव्हे. सोप्या गिऱ्हाइकासाठी कोण शटर खाली ओढतं? एका अर्थाने हा माझा विजयच आहे.

दुपारी जेवलो नाही. साडेतीनला पोहे खाल्ले.

पोह्यांनंतर पुन्हा विचार केला. विजय वगैरे काही नाही. मला लाज वाटते आहे. त्या फ्रॉकची जास्त वाटते. मला तो फ्रॉक आठवतच नव्हता. मला फक्त चार दुकानदार आठवत होते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
परवा जास्मिन जाणार. बॅग भरून झाली. त्यात माझ्या हातचं काहीही नाही. भोकाचा कुर्ता ती घरात घालते, पर्समध्ये कांदे आहेत.

दुपारी बाराला इब्राहिमभाईकडे गेलो. घरी सांगितलं नाही. पिशवी नेली नाही. एक निळा कुर्ता निवडला, गळ्याला पांढरी वेल. तो सवयीने म्हणाला, अकराशे. मी म्हटलं, द्या.

तो थांबला. घरी सगळं बरं आहे ना, विचारलं. मी म्हटलं, हो, द्या. सुमैराने खुर्ची आणली, पाणी आणलं. तो म्हणाला, सर, असं नका करू, कायतरी बोला की. मी पाकीट काढलं. मग तो एकटाच उतरत गेला. हजार. मी म्हटलं, द्या. नऊशे. द्या. त्याच्या कपाळावर घाम आला. साडेपाचशेवर आल्यावर म्हणाला, याच्या खाली मला खरंच परवडत न्हाई सर, आईशप्पत. मी म्हटलं, माहीत आहे.

पैसे दिले. त्याने नोट कपाळाला लावायला उचलली, मग माझ्याकडे बघितलं आणि तशीच गल्ल्यात टाकली. दोघांनाही थोडं वाईट वाटलं.

३० नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४.३०
आज चर्चला सकाळच्याच प्रार्थनेला जाऊन आलो आणि जास्मिनला स्टँडवर सोडायला गेलो. निघताना घरी कुर्ता तिच्या हातात दिला. तिने अंगाला लावून पाहिला. मापाला बरोबर. मग विचारलं, पप्पा, किती सांगितला आणि कितीला आणलात?

लहानपणापासून दर वेळी ती हे विचारते. उत्तर ऐकून दर वेळी डोळे मोठे करते. आठवीपासून सगळं माहीत असून विचारत आली आहे. मी खरं सांगणार होतो, पण ती वाट बघत होती. मग म्हटलं, अकराशे सांगितला, साडेपाचशेला आणला. तिने डोळे मोठे केले. वा पप्पा, म्हणाली.

बॅगेची चेन उघडली. वरच घडी घातलेला निळा कुर्ता होता, कपाटातल्या त्या तिघांत नसलेला. गळ्याला पांढरी वेल. अगदी तोच. तिने चटकन त्याच्यावर टॉवेल ओढला, टॉवेलवर माझा कुर्ता ठेवला आणि चेन लावली. मी खिडकीबाहेर कोण आलंय ते बघत होतो. बाहेर कोणी नव्हतं.

बस सव्वादोनला सुटली. खिडकीतून हात हलवत होती. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त रडू आलं. मरिया रडली नाही, तिने मला रुमाल दिला.

स्टँडबाहेर रिक्षावाल्याने केडगावचे दीडशे सांगितले. मी मरियाकडे बघितलं. मरिया म्हणाली, दादा, रोजचंच आहे, शंभर घ्या. तो म्हणाला, बसा मावशी.

एवढंच. भांडण नाही, निघून जायचं नाटक नाही. मी हातात ओला रुमाल घेऊन बाजूला उभा होतो.